सपाट नकाशावरची टेप

लेकीचं विमान सुटलं तसे शिंपीबुवा गळ्यातली टेप काढून भिंतीवरच्या जगाच्या नकाशापाशी गेले. दोन विमानतळांमधलं अंतर मोजलं, विमानाच्या वेगाने भागलं आणि बायकोला ठणकावलं, "बारा तास. त्याआधी फोनची वाट बघू नकोस."

दहाव्या तासालाच फोन वाजला. पडद्यावर लेकीचं नाव बघून शिंपीबुवांनी झडप घालून फोन उचलला. विमान मध्येच कुठेतरी उतरवलं असणार!

"बाबा, पोहोचले. आत्ताच विमानातून उतरले."

"शक्यच नाही! अजून दोन तास आहेत."

"मग परत विमानात जाऊन बसू का?" लेक हसली, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. पण हिशेब चुकला कसा, हे काही केल्या कळेना.

बायकोने कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढला आणि त्यावर टेप ताणून धरली. सगळ्यात जवळची वाट उत्तरेकडून वळून गेली. या मापाने हिशेब बरोबर दहा तासांचा आला.

"चाळीस वर्षं लोकांच्या पोटाला टेप गुंडाळून माप घेताय," ती म्हणाली, "आणि पृथ्वीचं तेवढं भिंतीवर सपाट करून घेतलंत?"

शिंपीबुवांनी टेप गळ्यात घातली. माप चुकल्याचा आनंद त्यांना जन्मात पहिल्यांदाच झाला होता.