डोळे मिटून एक मिनिट

मी स्टॉपवॉच बोलतोय. चावीचं, काट्याचं, तळहातात मावणारं जुनं स्टॉपवॉच. खरं तर आत्मवृत्त सांगावं असं माझ्या हातून काही घडलेलं नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांना किती वेळ लागला एवढंच सांगत आलो, आणि तेही थोडं चुकत. तरी बोलतोय, कारण एकदा आम्ही एका मुलीचं फार बारकाईनं मोजमाप केलं आणि त्या नादात ती बुडत चालल्याचं आम्हाला दिसलंच नाही. आम्ही म्हणजे मी आणि माझे सर. सरांकडे निदान पीएच.डी. तरी आहे. माझ्याकडे तेवढीही सबब नाही.

माझा जन्म कुठला, मला नक्की माहीत नाही. पाठीवर कारखान्याचं नाव कोरलेलं होतं, ते विद्यार्थ्यांच्या घामट बोटांनी पुसून टाकलं. एकोणीसशे त्र्याहत्तर साली मी पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेत दाखल झालो, याची मात्र नोंद आहे. ती डेड स्टॉक रजिस्टरमध्ये आहे. मी तेव्हा अगदी नवा, टिकटिकणारा होतो. तरी नोंद तिथेच.

दिवा लागल्यावर बटण दाबायला किती वेळ लागतो, निरर्थक अक्षरांची यादी पाठ करायला किती वेळ लागतो, हे मी पंचवीस वर्षं मोजलं. त्यातून मानवजातीला काय मिळालं ते मला विचारू नका. मुलांना प्रॅक्टिकलचे वीस मार्क मिळाले.

नव्वदनंतर देशाची दारं उघडली म्हणतात. आमच्या प्रयोगशाळेचं एकच उघडलं. त्यातून तीन संगणक आत आले आणि मी बाहेर पडलो. भंगाराच्या यादीत माझा क्रमांक सतरावा होता. विभागप्रमुख प्रा. कचरू वाघमारे यांनी मला उचललं. त्यांच्या आधीची दोन भावंडं गेली होती, म्हणून मृत्यूनं ढुंकूनही पाहू नये असं नाव आईनं ठेवलं होतं. मृत्यूनं पाहिलं नाही, पण काळजी मात्र जन्मापासून त्यांच्याकडे टक लावून बसली. भंगारातलं स्टॉपवॉच घरी नेण्यासाठी या माणसानं तीन अर्ज केले. पहिला मी त्यांना मिळावा म्हणून, दुसरा पहिल्या अर्जात काही गैर वाटल्यास क्षमा असावी म्हणून, आणि तिसरा दुसऱ्याची पोच मिळावी म्हणून.

निवृत्तीनंतर सरांनी नारायण पेठेतल्या आपल्या भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत मार्गदर्शन सुरू केलं. तोवर शहरात पळणाऱ्यांची लाट आली होती. दिवसभर संगणकापुढे बसणारी मुलं पहाटे बूट घालून रस्त्यावर दिसू लागली. सरांनी लांब पल्ल्याच्या खेळाडूंच्या मनावर परदेशी नियतकालिकांतून बरंच वाचलं होतं. स्वतः मात्र ते बस सुटत असली तरी पळत नसत. पाटी लागली : ‘खेळाडूंसाठी मानसिक मार्गदर्शन’. खालच्या स्टेशनरीवाल्यानं चष्म्यावरून ती वाचली.

“सर, कॅरम चालेल का?”

“नाही, म्हणजे मुख्यतः लांब पल्ल्याचे...”

“बरोबर. जवळचे पेशंट मिळत नाहीत पेठेत.”

सरांना त्या रात्री झोप लागली नाही. पाटी काढावी की अक्षरं लहान करावीत, याचा ते विचार करत होते.

दोन हजार पाचच्या सप्टेंबरात आप्पासाहेब आले. सैन्यातून निवृत्त झालेले, मांजरीला राहणारे, कालव्याच्या रस्त्यावर पोरापोरींना पळवणारे. सोबत मैत्री नावाची मुलगी होती. चोवीस वर्षांची, हडपसरकडे एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला.

“पायात काय बी खोट न्हाई, सर,” आप्पासाहेब म्हणाले. “तेहतीस किलोमीटरपर्यंत वाऱ्यागत जाती. तिथं पाय गाडल्यागत हुबी ऱ्हाती. दोनदा झालं. डोक्यात काय तरी अडकलंय, तेवढं काढा. डिसेंबरात मॅरेथॉन हाय.”

गाडी गॅरेजला सोडावी तसं सोडून ते जिना उतरले.

“सर, आय नो, इट्स मेंटल,” मैत्री म्हणाली. “मला फक्त एखादी टेक्निक द्या. ब्रीदिंग वगैरे. मी करीन, प्रॉमिस.”

सरांना घाम फुटला. समोर एक जिवंत मुलगी होती आणि तिला नेमकं काय विचारावं हे कुठल्याच नियतकालिकात नव्हतं. मग त्यांना मी आठवलो.

“डोळे मिटा,” सर म्हणाले. “मनात आकडे मोजायचे नाहीत. एक मिनिट झालंसं वाटलं की ‘थांबा’ म्हणायचं.”

हा प्रयोग जुना आहे. अस्वस्थ मनाला मिनिट लांब वाटतं, त्यामुळे ते आधीच ‘थांबा’ म्हणतं. मैत्री एकेचाळीस सेकंदांना म्हणाली. सरांनी वहीत लिहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. माझाही उजळला असणार, मला काच आहे. सात वर्षांनी कुणीतरी आम्हाला काम दिलं होतं.

दर शनिवारी ती येऊ लागली. श्वासाचे व्यायाम, शर्यतीचं मनातल्या मनात चित्र, आणि शेवटी मी. अडतीस. पस्तीस. एकोणतीस. आलेख सुरेख उतरत होता. सरांनी त्याखाली निळ्या शाईनं रेघ ओढली आणि शोधनिबंधाचं शीर्षकही योजलं. एकदा खोलीत कुणी नसताना त्यांनी स्वतःवर प्रयोग केला. सव्वीस. तो आकडा त्यांनी वहीत लिहिला नाही.

शालनताई, सरांच्या पत्नी, चहा घेऊन यायच्या. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाई. त्यांच्या नजरेतून पेन्सिलसुद्धा सुटत नसे.

“अहो, ती बिस्किट खात नाही. बशीखाली लपवून ठेवते.”

“आहार सांभाळत असेल. खेळाडू असतात ते.”

“गेल्या महिन्यातलं मनगट आठवा आणि आजचं बघा. का तुमच्या आलेखात मनगट बसत नाही?”

“शालन, जेवणाखाण्याबद्दल माझ्या प्रश्नावलीत कलम नाहीये.”

“मग घाला की. तुमचीच आहे ना प्रश्नावली?”

सरांनी तसं टिपून ठेवलं, पुढच्या आवृत्तीसाठी. मला वाटलं, किती पद्धतशीर माणूस! आम्ही दोघंही एकाच कारखान्यात बनलो असू.

सहाव्या शनिवारी मैत्रीनं डोळे मिटले. सरांनी मला दाबलं. तीस सेकंद झाले, ती गप्प. साठ झाले. सरांचे डोळे चमकले, मोठीच सुधारणा! माझा काटा दुसरी फेरी घेऊ लागला, मग तिसरी. प्रयोगाच्या नियमाप्रमाणे मधे बोलायचं नसतं, म्हणून सर बोलले नाहीत. मी धावत होतो, सर वाट पाहत होते, आणि आमच्यासमोर तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येऊन हनुवटीवरून टपकत होतं. पाच मिनिटं झाली. हे सांगताना मला आजही माझी काच फुटावीशी वाटते.

“मैत्री,” शेवटी सरांच्या तोंडून निघालं, “मिनिट झालं.”

“झालं तरी चालेल, सर.” तिनं डोळे उघडले नाहीत. “सगळंच झालं तरी चालेल.”

सरांच्या अंगठ्यानं मला थांबवायला हवं होतं. त्यांनी मला तसंच चालतं टेबलावर ठेवलं, खुर्ची उचलली आणि तिच्या बाजूला नेऊन ठेवली.

“सगळं म्हणजे? जगणंसुद्धा?”

वहीत असला प्रश्न नव्हता. तिनं होकारार्थी मान हलवली.

त्यानंतर जे ती बोलली ते खोलीबाहेर सांगायचं नसतं. पण पुढे तिनंच सरांना म्हटलं होतं, कुणाला उपयोग होणार असेल तर सांगा. म्हणून थोडंसं सांगतो. वजन कमी झालं की वेग वाढतो, म्हणून तिनं आधी रात्रीचं जेवण सोडलं, मग सकाळचं. झोप गेली. कंपनीत चारशे माणसांच्या मजल्यावर ती फक्त ‘पळणारी मैत्री’ म्हणून माहीत होती. आई शेजारपाजारी पेपरातलं कात्रण दाखवायची. “तेहतीसला पाय थांबत नाहीत, सर. मीच थांबते. पुढे गेले आणि नंबर नाही आला, तर? पळणं काढलं तर माझ्यात राहिलं काय?”

मी टेबलावर टिकटिकत होतो. मला गप्प बसता येत नव्हतं, हीही माझी एक लाज. चावी संपली तेव्हा कुठे मी थांबलो. कुणाचं लक्षही नव्हतं.

“मैत्री, मी चुकलो,” सर म्हणाले. “हे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. आणि आता हे मला एकट्याला जमणारही नाही. माझी एक विद्यार्थिनी मानसोपचारतज्ज्ञ आहे. आपण आत्ताच जाऊ. मी येतो बरोबर.”

“म्हणजे मी वेडी आहे?”

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. त्यांचं काय पणाला लागलंय हे मला कळत होतं. दारावरची पाटी, पेठेतलं नाव, पहिल्या पिढीत शिकून मिळवलेलं ‘डॉक्टर’.

“मी तिच्याच गोळ्या घेतो,” ते म्हणाले. “तीन वर्षं झाली.”

मैत्रीनं पहिल्यांदा नीट त्यांच्याकडे पाहिलं. “खरंच?”

“खरंच आहे,” शालनताई आतून म्हणाल्या. “आणि घ्यायचं विसरतात. आमटीभात वाढते. दोन घास खा, मग निघा. आईचा नंबर दे, तोवर मी बोलते.”

मैत्रीनं चार घास खाल्ले. सरांनी ते मोजले. सवय काही एका दिवसात जात नाही. मग तिघं रिक्षानं गेली. त्या डिसेंबरात ती पळाली नाही.

तिला दवाखान्यात ठेवून घेतल्याचं कळताच आप्पासाहेब तरातरा जिना चढून आले होते. “माझी पोरगी दवाखान्यात घातली तुम्ही?”

“हो,” सर म्हणाले. “घातली. आणि उद्या परत तेच करीन.”

आप्पासाहेब बसले. “पलटणीत एक होता आमच्यासंगं,” ते म्हणाले. “लई पळायचा. त्याला कुणी इचारलंच न्हाई.” जाताना पायरीवर वळून म्हणाले, “पोरीला काय खायला द्यायचं, ते लिहून द्या.”

आता माझी चावी फिरत नाही. दुरुस्त करणारा म्हणाला, याचे भाग मिळत नाहीत. सरांनी तो निबंध लिहिला नाही. आता ते नव्या माणसाशी आधी अर्धा तास नुसते बोलतात. फार वाईट बोलतात, मधेच अडखळतात, पण बोलतात. तुमच्या मनगटावरची नवी घड्याळं पावलं मोजतात, नाडी मोजतात, झोपसुद्धा मोजतात. हुशार आहेत, त्यांना नावं ठेवायची माझी लायकी नाही. एवढीच विनंती, की आकडा बघून झाल्यावर त्याच्या मालकाच्या तोंडाकडेही एकदा बघा. आम्हाला ते सुचलं नव्हतं.

निरोप घेण्याआधी पुढच्या वर्षीच्या मॅरेथॉनचं सांगतो. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मैत्री उतरली होती. सर मला खिशात घेऊन तेहतिसाव्या किलोमीटरच्या खांबाशी उभे होते, सकाळपासून तीनदा रक्तदाब तपासून. शेजारी आप्पासाहेब. ती आली, सावकाश, गालावर थोडं मांस आलेलं. खांबापाशी आली आणि थांबली.

सरांचा हात खिशात माझ्यावर घट्ट झाला.

“सर, बास,” मैत्री म्हणाली. “आज एवढंच. भूक लागलीय.”

“आगं, नऊच किलोमीटर ऱ्हायल्यात!” आप्पासाहेब कळवळले. मग त्यांनी सरांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढून परत घातली. “मिसळ खाणार का?”

“दोन प्लेट,” ती म्हणाली.

मिसळ यायला किती वेळ लागला ते मी सांगू शकत नाही, कारण मला कुणी बाहेर काढलंच नाही. सर मात्र दोनदा म्हणाले, की हे हॉटेलवाले फार उशीर करतात बुवा.