चित्रबाबाच्या तीर्थानं गेलेले डाग

धाड गावच्या आठवडी बाजारात भाजीपेक्षा चित्रबाबाच्या मांडवात गर्दी जास्त होती. रोग्यानं फोटो द्यायचा, बाबा त्यावरून रंगीत चित्र काढणार, दुखतं तिथं काळे डाग दाखवणार. पंधरा दिवसांनी सगळ्यांसमोर चित्रावर तीर्थ ओतलं की डाग वाहून जात, माणूस तसाच राही. "चित्राचा पट शुद्ध, तर देहाचा घट शुद्ध," बाबा गरजे. "आता औषध घेणं म्हणजे देवावर संशय." आणि शहाणीसुरती माणसं माना डोलावत.

सरस्वतीबाईंच्या चित्रातली छाती अशीच लख्ख झाली. त्यांना क्षयरोग होता, चार महिन्यांचे उपचार बाकी होते. घरी येताच त्यांनी गोळ्या चुलीत टाकल्या.

"आत्याबाई, गोळ्या काऊन जाळल्या?" सून संजीवनीनं विचारलं.

"डाग गेले ना. तू बी पाह्यलं."

संजीवनी शाळेत चित्रकला शिकवायची. तिनं घरी आणलेल्या चित्राला नाक लावलं. जवसाच्या तेलाचा वास आला. म्हणजे हा तैलरंग, आणि तो वाळायला बरेच दिवस लागतात. बाबाला पंधरा दिवस कशाला हवे होते, ते तिला उमगलं. तिनं परोपरीनं सांगितलं, पण सासूबाई ऐकेनात. तीन आठवड्यांनी त्यांच्या थुंकीत रक्त दिसलं. पुढच्या बाजारी संजीवनी त्यांना घेऊन मांडवात गेली. सोबत रंगपेटी होती.

मांडवात बाबाचं स्वतःचं तैलचित्र टांगलेलं होतं. कोणी अडवायच्या आत संजीवनीनं त्याच्या दोन्ही गालांवर एकेक काळा डाग काढला आणि बाटलीतलं नळाचं पाणी ओतलं. डावा डाग ओघळून गेला. उजवा तसाच.

"महाराज, याच्यावर तुमचं तीर्थ ओता."

बाबानं अख्खा तांब्या रिकामा केला, मग हातानं घासलं. काळं गालभर फासलं गेलं.

"या बाईची श्रद्धा नाही," तो म्हणाला.

"मंग पहिला डाग कोणाच्या श्रद्धेनं गेला?" पुढं बसलेल्या हिंमतराव नावाच्या गावकऱ्यानं विचारलं.

संजीवनी लोकांकडं वळली. "पहिला जलरंग. त्यात डिंक असते, पाणी लागलं की सुटते. साबणाचा थेंब घातला की तो तेलावरही बसते. दुसरा तैलरंग, त्याले पाणी काही करत नाही. बाबा माणूस तैलरंगानं रंगवते, रोगाचे डाग जलरंगानं."

बाबाचे दोघं-तिघं भक्त तिच्याच अंगावर धावून आले. बाकीचे आपापली चित्रं हुंगू लागले. सरस्वतीबाई मागं बसल्या होत्या. "माह्याच हातानं जाळल्या व बाई," एवढंच म्हणून त्या उठल्या. त्याच दुपारच्या एसटीनं दोघी बुलढाण्याला सरकारी दवाखान्यात गेल्या. तपासण्या पुन्हा, उपचार पुन्हा पहिल्यापासून.

तीर्थ हवं तर घ्या. पण गोळी बंद करायची की नाही, हे डॉक्टरलाच विचारा. आणि कोणी चमत्कार दाखवला, तर त्याचं सामान आपल्या हातात मागा. देत नसेल, तर तिथून उठा.