दुसरा साक्षीदार

संध्याकाळी दारात चपला काढताना तिला वाटलं, आज कुणी नुसतं "बस जरा" म्हणालं तरी आपल्याला रडू फुटेल. वकिलांच्या कचेरीत सव्वीस वर्षं ती टाइप करत होती. मृत्युपत्रं तर इतकी बडवली होती, की लोकांची मेल्यानंतरची भांडणं ही बाई आधीच टाइप करून ठेवते, असं वकीलसाहेब चेष्टेने म्हणत.

आत अण्णा, म्हणजे तिचे वडील, टेबलाशी दोन कागद घेऊन बसले होते. खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड पोस्टमन नुकतेच सही करून गेले होते.

"मृत्युपत्र केलंय. माझ्या हाताने लिहिलं," अण्णा म्हणाले. "एक साक्षीदार झाला, दुसरी तू. कर सही."

मजकुरावर त्यांनी वर्तमानपत्र आडवं ठेवलं होतं. सहीपुरती जागा तेवढी उघडी.

ज्याला मृत्युपत्रात काही मिळायचं, त्याने साक्षीदार व्हायचं नाही. झाला, तर त्याचा वाटा बुडाला. येणाऱ्या प्रत्येक पक्षकाराला ती हे पढवायची. जेवताना अण्णांनाही रंगवून सांगायची, कुठल्याशा सुनेने हौसेने सही केली आणि हात चोळत बसली ते.

"अण्णा, ज्याला काही मिळतं, त्याने..."

"माहीत आहे मला." ते खिडकीकडे बघत होते. "तूच सांगायचीस."

म्हणजे घर धाकट्याला. अकरा वर्षं अण्णांची पथ्यं, आंघोळी आणि दवाखाने हिने काढले, आणि तो भाऊ महिन्यातून एकदा फोनवर "काळजी घ्या" म्हणायचा.

"त्याला मुलंबाळं आहेत," अण्णा म्हणाले. "तुझं काय, राहशील की इथेच. तो काय तुला बाहेर काढणार आहे?"

तिला फार लागलं ते. पण रागावायलासुद्धा अंगात त्राण लागतं. गंमत म्हणजे तिला काही करायचीही गरज नव्हती. दुसरी सही नाही, तर कागद रद्दीत, आणि अण्णांच्या मागे अर्धं घर आपसूक तिचं. "दमलेय, उद्या बघू," एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मग अण्णांना उठवता-बसवताना रोज तो कागद डोळ्यांपुढे नाचला असता. तेवढं तिच्याने झालं नसतं.

तिने वर्तमानपत्र बाजूला केलं. अण्णांनी हात आडवा घातला आणि मग मागे घेतला.

"तारीख घातली नाहीत. पहिल्या पानावर तुमची सही नाही," ती म्हणाली. "उद्या कुणी वाद घातला तर?"

तिने सगळं रीतसर करून घेतलं. कच्चा कागद आजवर तिच्या हातून गेला नव्हता. शेवटी स्वतःची सही केली.

"शहाणी माझी पोर ती!" अण्णांचा जीव भांड्यात पडला.

तिने गोळ्यांचा डबा, दवाखान्याची फाईल आणि किल्ल्यांचा जुडगा त्यांच्यापुढे ठेवला, भावाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"बोल ताई."

"अण्णांनी घर तुझ्या नावे लिहिलंय. रविवारी ये. गोळ्या कुठल्या, कधी, सगळं समजावून देते. सोमवारपासून त्यांचं तू बघायचंस."

"अगं, पण मला कसं जमणार ते?"

"परत सांग," ती म्हणाली. "अण्णांना नीट ऐकू आलं नसेल."

आणि खुर्ची ओढून ती बसली.