सेल मारला की नुसतं टक्

सकाळपासून अश्वजितने किती वेळा सेल मारला, त्याचं त्यालाच आठवत नव्हतं. दर वेळी गाडीच्या पोटातून एकच आवाज यायचा. टक्. पुढे काही नाही.

पिपरटोल्याच्या वननाक्यावरची ती जुनी एटीव्ही. चार जाड टायर, मोटरसायकलसारखं हँडल आणि मागे पाण्याची टाकी नि पंप. जीप जिथे अडते तिथे, नाल्यातल्या गोट्यांवरून आणि बांबूच्या बेटांमधून ती बिनधास्त जायची. उन्हाळ्यात वणवा लागला की सगळी भिस्त तिच्यावर. किक तिला नव्हती, आणि धक्का मारून सुरू होईल अशी तिची जातही नव्हती. सेल लागला तर गाडी, नाहीतर लोखंड.

तीन दिवस झाले होते. अश्वजितने आधी बॅटरी चार्ज केली, मग जीपची बॅटरी जोडून पाहिली. फ्यूज बदलले. ब्रेकचा आणि न्यूट्रलचा स्विच घासून स्वच्छ केला. काल बसने चंद्रपूरला जाऊन स्टार्टरला करंट सोडणारा नवा रिले आणला. स्टार्टर खोलून टेबलावर थेट बॅटरीला लावला, तर तो भिंगरीसारखा फिरला. गाडीत बसवला की पुन्हा टक्. राजुऱ्याकडच्या खाणीत बारा वर्षं डंपरचं वायरिंग केलेला माणूस तो. एवढ्याशा गाडीने आपल्याला असं झुलवावं, हे त्याला सहन होत नव्हतं.

दहाच्या सुमारास पहाडीमागे धूर दिसला. मोहफुलं वेचायला कुणीतरी झाडाखालचा पाला जाळला असणार, आणि वाऱ्याने आग पुढे नेली. वनरक्षक रोशनी मॅडम आणि सात फायर वॉचर पाठीवर पाला उडवायचे ब्लोअर घेऊन पायीच निघाले.

"भाऊ, काही होते का?" जाता जाता रोशनीने विचारलं.

"करून तं राह्यलो ना, मॅडम!" तो खेकसला. ती झपाझप पुढच्या लोकांमागे गेली. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली.

मागे राहिली फक्त सुकरी. तीही फायर वॉचरच, पन्नाशीची. परवा पाय मुरगळल्यामुळे आज तिला नाक्यावर थांबायला सांगितलं होतं. पडवीत बसून ती बिनतारी यंत्रावरचे निरोप ऐकत होती. बराच वेळ त्याची धडपड पाहिल्यावर ती म्हणाली, "मागच्या साली इतवारी बसला का सुरू होये हे. दुसरा कोणी बसला का नाई होये."

इतवारी म्हणजे नाक्यावरचा जुना वॉचर. चांगला आडदांड गडी, आता जंगलाच्या दुसऱ्या भागात, दुसऱ्या बीटात होता.

"सुकरीबाई, गाडी का माणूस पाहून सुरू होते?" अश्वजितने पाना जमिनीवर आपटला. "देव हाये का अंगात तिच्या? मले माझं काम करू द्या."

यंत्रावर रोशनीचा आवाज खरखरला. आग नाल्याच्या अलीकडे आली होती, दोन ब्लोअरचं पेट्रोल संपत आलं होतं.

अश्वजितने पुन्हा मीटर लावला. बॅटरी साडेबारा व्होल्ट. भरलेली. त्याने मीटर फेकून द्यायला हात उचलला आणि तसाच थांबला. इतवारी जड होता. जड माणूस बसला की सीट खाली दबते. सीटखाली काय असतं? बॅटरी आणि तिच्या वायरी. आणि तो तर तीन दिवस सीट काढूनच तपासत बसला होता!

मीटरची एक पिन त्याने बॅटरीच्या निगेटिव्हवर धरली, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर.

"सुकरीबाई, इकडं या जी जरा. हे बटन दाबा."

ती लंगडत आली. बटन दाबलं. टक्. मीटरचा आकडा शून्याजवळ राहायला हवा होता. तो अकरावर गेला.

बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंत जाणारी अर्थिंगची वायर. वरून काळी, जाड, धडधाकट. त्याने ती दोन्ही हातांनी वाकवली, तशी मधेच ती दोरीसारखी लुळी लागली. ब्लेडने रबर चिरलं. आत तांब्याची हिरवी भुकटी झाली होती. पाच-सहा तारा तेवढ्या एकमेकींना धरून होत्या. मीटरला फसवायला तेवढ्या पुरेशा होत्या, स्टार्टर फिरवायला नव्हत्या. इतवारीच्या वजनाने तुटकी टोकं एकमेकांवर दाबली जायची, एवढंच.

जीपच्या जंपर केबलचा तुकडा कापून त्याने बॅटरीपासून इंजिनपर्यंत आवळला. सेल मारला. गाडी पहिल्याच दमात धडधडली. त्याला आनंद झाला नाही. तीन दिवसांचा राग तसाच होता.

"तुम्ही हे परवाच काऊन नाई सांगितलं?" तो ओरडला.

"परवा बी सांगितलं होतं," सुकरी म्हणाली. "तुम्ही गाण्याचा रेडिओ मोठा केला."

त्याला खरंच आठवलं. तो गाडी दामटत नाल्याकडे सुटला.

पोचला तेव्हा आग विझली होती. काळ्या राखेच्या कडेला माणसं दमून आडवी पडली होती, काजळीने चेहरे ओळखू येत नव्हते. त्यांच्यातल्या धनराज नावाच्या वॉचरचा हात कोपरापर्यंत भाजला होता. अश्वजितने पंप लावून त्याच्या हातावर पाण्याची धार धरली, बराच वेळ धरली. मग उरलेलं पाणी धुमसत्या ओंडक्यांवर मारलं. धनराजला नाक्यावर न्यायला निदान गाडी तरी होती.

"काय होतं शेवटी?" रोशनीने विचारलं.

"अर्थिंगची वायर तुटली होती."

"तुम्हाला कसं सापडलं?"

"मले नाई सापडलं, मॅडम," तो मान खाली घालून धनराजला सीटवर चढवत म्हणाला. "सुकरीबाई तीन दिवसांपासून सांगून राह्यली होती. म्याच ऐकलं नाई."