भिंगताईच्या डोक्यावरची ट्यूबलाइट

मी ट्यूबलाइट बोलतेय, आणि आज माझं डोकं फिरलंय. मंद माणसाला तुम्ही माझ्या नावानं चिडवता, तेही मी मुकाट ऐकून घेतलं. पण आता पाणी डोक्यावरून गेलं.

कारखान्यातून निघाले ती थेट या छापखान्याच्या ऑफिसात आले. माझ्या अंगावर दुधी झाकण होतं, त्यामुळे उजेड कसा बेतानं खाली उतरायचा. माझ्या बरोबर खाली भिंगताई बसते. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ना, त्या कागदांची प्रुफं ती तपासते. अक्षर मुंगीएवढं, म्हणून हातात कायम भिंग, म्हणून हे नाव. त्यात आकड्यातलं एक दशांशाचं टिंब सुटलं की कुणाच्या तरी पोटात दसपट औषध जायचं.

एकदा जेवणानंतर साहेबांनी सगळ्यांना जांभया देताना पाहिलं. जेवल्यावर माणूस जांभया देतो, हे शेंबडं पोरही सांगेल! पण साहेबांनी निदान केलं, "उजेड कमी पडतोय." झाकणं काढली, माझ्या शेजारी आणखी दोघी बसवल्या, टेबलांवर चकचकीत काचा टाकल्या. माझा चोक जुना, मी सारखी फडफडते; तो तेवढा बदलला नाही. जांभया होत्या तिथंच राहिल्या, वर डोकेदुखी आली.

"साहेब, डोळ्यांत नुसत्या सुया टोचतात हो," भिंगताई म्हणाली.

"चष्म्याचा नंबर वाढला असेल. दाखवून घ्या."

तिनं दाखवलं. नंबर होता तोच होता. मग तिनं कपाळावर पुठ्ठ्याची झडप बांधली, तर साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "हे काय सोंग?" तिनं ती सोडून ठेवली. मला इतका संताप आला, पण मी फडफडण्यापलीकडे काय करणार?

भिंगताईला तिच्या मुलीचा फोन यायचा. "आई, आजही दिवे बंद करूनच जेवायचं?"

"आजच्या दिवस, राणी," ती म्हणायची. रोज हेच म्हणायची.

काल लहान मुलांच्या तापाच्या औषधाच्या कागदात ते टिंब सुटलं. मशीन सुरू झाल्यावर तिच्या लक्षात आलं. धावत जाऊन तिनं छपाई थांबवली. परत आली ती तशीच टेबलावर चढली, मला उपसून काढलं आणि कपाटामागे उभं केलं.

"नोकरी गेली तरी चालेल," ती म्हणाली. "एखाद्या लेकराचा जीव नाही घ्यायचा मला."

साहेबांनी फर्मान काढलंय: उद्या वायरमन येईल, ही ट्यूब परत बसेल, आणि पुन्हा हात लावलात तर घरी बसायचं.

वायरमनदादा, तुझ्या पाया पडते. शिडीवर चढलास की हात जरा सैल सोड. फुटले तर फुटले. वर उरलेल्या दोघी जळतच आहेत. त्यांच्या झगझगाटात साहेबांनाच माझ्या काचा वेचू दे, एकेक, डोळे फोडून.