खाली कोण जातं?

बावीस वर्षं जी चूक दोन संपादकांना, चार समिती सदस्यांना आणि लाखो मुलांना दिसली नाही, ती माझ्या मुलीला दोन गुणांच्या प्रश्नात दिसली. त्याबद्दल तिला शून्य मिळालं.

मी पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्या काढतो. हृदय, बेडूक, विजेची घंटा, ज्वालामुखी, सांगतील ते. त्यातलं मला कळतंच असं नाही, आणि आजवर कुणी तशी अटही घातली नाही. पुस्तकावर माझं नाव छापत नाहीत. याचं मला फार वाईट वाटायचं, त्या संध्याकाळपर्यंत.

मुलीला समुद्राच्या तळाचा अभ्यास करायचा होता. त्या अभ्यासक्रमाला तीस जागा. एकोणतीस भरल्या होत्या, एक फेरतपासणीनंतर भरायची होती आणि हिला दोन गुण कमी पडत होते. उत्तरपत्रिकेची प्रत मागवली तर ते दोन गुण कुठे गेले ते लगेच सापडलं. प्रश्न होता, ‘सागरी गर्ता कशी तयार होते?’ उत्तरावर लाल काट आणि बाजूला शेरा: ‘आकृती सात पाहा.’

तिने पुस्तक जेवणाच्या टेबलावर आपटलं. “बाबा, बघा हे! जमिनीचा हलका भूपट्ट समुद्राच्या जड भूपट्टाखाली चाललाय. कुठल्या शहाण्याने काढलंय कोण जाणे.”

शहाणा समोर बसून चहा पीत होता.

“मला नीट समजाव,” मी म्हणालो.

“समुद्राच्या मधोमध लांबच लांब भेग असते. तिथून तापलेला खडक वर येतो, त्याचा नवा तळ बनतो. तो दोन्ही बाजूंना सरकतो, वर्षाला दोन-चार बोटं. कोट्यवधी वर्षांत थंड होतो, आणि थंड झाला की जड होतो. पुढे जमिनीशी गाठ पडते. जमीन जाड, पण हलकी, ती बुडत नाही. मग तळच वाकतो आणि तिच्याखाली शिरतो. जिथे वाकतो तिथे लांब, अरुंद, खोल खळगा पडतो. ती गर्ता.”

“आणि मागचा तळ?”

“खाली गेलेला भाग स्वतःच्या वजनाने त्याला ओढतो. टेबलावरची चादर एका बाजूने घसरली की बाकीची मागोमाग येते ना, तसं. शिवाय जाताना तो पाणी घेऊन जातो. ते पाणी वरच्या तापलेल्या खडकात शिरलं की खडक वितळायला लागतो. म्हणून ज्वालामुखी जमिनीवर असतात, गर्तेला समांतर. या चित्रात बघा, ज्वालामुखी समुद्राच्या भूपट्टावर उभा आहे. पायथ्याशी झाडं! आणि जमिनीच्या भूपट्टावर मासे!”

झाडं आणि मासे मी स्वतःच्या हौसेने काढले होते. तेव्हाचे संपादक साहेब ‘व्वा’ म्हणाले होते.

आणि मला सगळं आठवलं. त्या काळी कार्यालयात एकच संगणक होता, तोही साहेबांच्या खोलीत, झाकलेला. आकृतीतली नावं वेगळी छापून यायची. आम्ही ती कात्रीने कापून, पट्ट्या करून डिंकाने चिकटवायचो. मी पट्ट्या जागेवर मांडल्या आणि जेवायला गेलो. परत आलो तर पंख्याने त्या उडवल्या होत्या. शोधून, झटकून पुन्हा चिकटवल्या. ‘जमीन’ आणि ‘समुद्र’ या दोन पट्ट्यांची अदलाबदल झाली. चार सदस्यांनी तपासून सह्या केल्या. सह्या अगदी योग्य जागी होत्या.

मुलगी त्या चित्रकाराला शोधून काढायच्या गोष्टी करत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी कप विसळायला उठलो. लाज वाटत होती, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी संपादक बाईंसमोर पुस्तक ठेवलं. बाईंनी आकृती आडवी धरून पाहिली, उभी धरून पाहिली.

“बावीस वर्षांत एकही तक्रार नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणजे बरोबरच असणार.”

“बाई, मासे बघा.”

त्यांनी मासे बघितले. बराच वेळ बघितले. “पुढच्या आवृत्तीत गुपचूप बदलू.”

“आणि यंदाचे गुण?”

“त्याला चूक सिद्ध व्हायला हवी. जबाबदार माणसाचा लेखी जबाब लागेल.”

चारही सदस्य आता मोठ्या खुर्च्यांत होते. एकाने सांगितलं की आपण फक्त भाषा तपासली. दुसऱ्याने सांगितलं, पहिल्याने तपासलंय म्हणून आपण सही केली. उरलेल्या दोघांना भेटायला वेळ नव्हता. सगळ्यांचं वजन इतकं की खाली मलाच जावं लागलं. आमच्या कार्यालयापुरती आकृती सात तंतोतंत बरोबर होती.

मी जबाब लिहिला. पंखा, पट्ट्या, डिंक, सगळं. खाली नाव घातलं, पहिल्यांदाच. घरी येऊन मुलीलाही सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मला योग्य आकृती काढायला मदत करायला बसली आणि माझ्या झाडांना नावं ठेवली. मला हायसं वाटलं.

शुक्रवारी बाईंनी बोलावलं.

“जबाब उत्तम आहे,” त्या म्हणाल्या. “पण फेरतपासणीची अर्जदार तुमची मुलगी निघाली. नातेवाइकाचा जबाब ग्राह्य धरता येत नाही.”

“अहो, पण चूक मीच केली! परक्या माणसाचा जबाब कुठून आणू?”

“नियम आहे. आम्ही काय करणार?” बाई खरंच हळहळल्या. “पण तुमची मेहनत वाया नाही गेली हं. आणखी एका मुलीचा तोच अर्ज होता. तिच्या फाइलला तुमचा जबाब जोडला, तिला दोन गुण मिळाले. तिसावी जागाही तिलाच.”

“मग चूक सिद्ध झाली ना! आमच्या मुलीलाही द्या की.”

“प्रत्येक अर्जाचा निर्णय वेगळा असतो,” बाई म्हणाल्या आणि नव्या आवृत्तीची आकृती पुढे केली. चारही सह्या झालेल्या होत्या. या वेळी कुणी पाहिलं होतं की नाही, ते मी विचारलं नाही.

घरी गेलो. मुलगी दारातच उभी होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, कारण थांबलो असतो तर पुढचं बोलता आलं नसतं.

“त्या मुलीने काय लिहिलं होतं?” तिने विचारलं.

“तू लिहिलंस तेच. थंड, जड असतो तो खाली जातो.”

“मग ठीक आहे. तिला कळलंय तरी.” ती चपला सरळ करत राहिली. त्या आधीच सरळ होत्या. “बाबा, तुम्ही माझे कुणीच नसता, तर ती जागा मला मिळाली असती?”

मला खोटं बोलता आलं असतं. दोघींचे गुण सारखेच झाले असते; जागा कुणाला गेली असती, कोण सांगणार?

“मिळाली असती कदाचित,” मी म्हणालो.

तिने चपला सोडल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

“मग राहू दे,” ती म्हणाली, आणि माझ्याच खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली.