टेकडीवरचे शेवटचे ससे

ते रानससे जगात एकाच टेकडीवर उरले होते. त्यांची संख्या वाढावी म्हणून बाबांनी गेल्या वर्षी, निवृत्त होता होता, पिंजऱ्यात वाढवलेले सहा ससे तिथे नेऊन सोडले. ते निवृत्त झाल्यावर सशांच्या मोजणीचं काम त्यांच्या लेकीकडे आलं. यंदा तिने चार दिवस टेकडी पालथी घातली, पण एक ताजी लेंडीसुद्धा दिसली नाही. सापडले ते अकरा मेलेले ससे, डोळे सुजून मिटलेले. प्रयोगशाळेने सांगितलं, हा पिंजऱ्यातल्या सशांचा रोग, रानात कधीच नव्हता.

"अहवालात कारण 'अज्ञात' लिहा," खात्यातले साहेब म्हणाले. "तुमच्या बाबांनी या सशांपायी जन्म काढलाय. म्हातारपणी डाग कशाला?"

ती अहवालाचा कोरा कागद घेऊन घरी आली. बाबा खिडकीपाशी वाटच बघत होते.

"किती?"

"एकही नाही, बाबा."

बाबांनी हळूच विचारलं, "डोळे सुजले होते?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"सोडताना एकाचा डोळा चिकटला होता. धूळ गेली असेल म्हटलं, पुसला आणि सोडला."

तिने जिवंत सशांच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि कारणात, 'सोडलेल्या सशांमुळे आलेला रोग.' बाबांनी चष्मा लावून कागद वाचला.

"कोणी सोडले ते राहिलं."

तिने पेन खाली ठेवलं. शेवटी बाबांनीच पेन घेतलं आणि आपलं नाव लिहिलं.